क्लबात आधी मैत्री की आधी काम? वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

गेल्या अंकात स्वयंसेवी क्लबांवर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि मेसेजचा पाऊसच पडला. रोटरी, लायन्स, जेसीज, इनर व्हील आणि गल्लीतले नाव नसलेले पण काम करणारे गट, सगळीकडचे लोक लिहितायत. सगळी पत्रं छापता येणार नाहीत म्हणून जी इतरांच्याही उपयोगाची वाटली ती घेतली आहेत. नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई नमस्कार. काही महिन्यांपूर्वी मी एका सेवाभावी क्लबची मेंबर झाले. वाटलं होतं आपल्या हातून काहीतरी चांगलं काम होईल. पण मीटिंगला गेलं की वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, कोणाच्या मुलाला कुठे ॲडमिशन मिळाली, मग गाणी, मग पुढची ट्रिप कुठे काढायची... कामाचा विषय अजेंड्यावर सगळ्यात शेवटी, तोपर्यंत अर्धे लोक गाडीची किल्ली हातात घेऊन उठलेले असतात. मी चुकीच्या ठिकाणी आले का? सोडून देऊ?

सोडू नका, निदान एवढ्यात तरी नको. तुमची तक्रार खरी आहे आणि ती फार जुनी आहे, किती जुनी ते सांगते.

23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोमधे चार जण एका ऑफिसात भेटले. पॉल हॅरिस नावाचा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणकामातला इंजिनियर आणि एक कपडे शिवून देणारा व्यावसायिक. हॅरिस लहानपणी आजीआजोबांकडे छोट्या गावात वाढलेला, तिथे सगळे सगळ्यांना ओळखायचे, आणि मोठ्या शहरात वकिली चालू झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की कामापुरते ओळखणारे खूप आहेत पण रविवारी ज्याच्याकडे सहज जाऊन बसावं असं कोणी नाही. म्हणून त्याने हा क्लब सुरू केला. पाळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात भेटायचे, त्या पाळीवरूनच, म्हणजे इंग्रजीतल्या 'रोटेशन'वरून, रोटरी हे नाव आलं. थोडक्यात काय, सुरुवातीला त्यात समाजसेवा नव्हतीच. मैत्री होती, आणि एकमेकांना धंदा मिळवून देणं होतं.

मग 1906 मधे डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंट वकिलाला मेंबर व्हायला बोलावलं, तर तो म्हणाला की जो क्लब फक्त आपल्याच मेंबरांचं बघतो आणि शहरासाठी काहीच करत नाही त्यात मला रस नाही. म्हणजे तुमचंच पत्र, फक्त शंभरपेक्षा जास्त वर्षांपूर्वीचं! आता पुढची गोष्ट मला फार आवडते. लोक त्याच्यावर चिडले नाहीत, त्यांनी त्याला सांगितलं की मग तूच ये आणि घटनेत काय बदल करायचा ते लिहून दे. तो आला, घटनेत शहराच्या हिताचं कलम आलं, आणि 1907 मधे या क्लबने शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत म्हणून खटपट सुरू केली. ते त्यांचं पहिलं मोठं लोकोपयोगी काम. किती साधं आणि किती गरजेचं बघा.

तर माझं म्हणणं असं की तुम्ही कार्टर व्हा. प्रेसिडेंटला भेटून नीट सांगा की कामाचा विषय अजेंड्यावर पहिला घ्या, गप्पा नंतर, गप्पांना लोक थांबतातच, कामाला थांबत नाहीत. आणि नुसती तक्रार घेऊन जाऊ नका, एक काम ठरवून जा, त्याची तारीख, त्याला लागणारी माणसं आणि पहिलं नाव तुमचं.

पण त्या गप्पांना अगदी टाकाऊही समजू नका हं. ज्या बाईंनी मुलाच्या ॲडमिशनचं सांगितलं त्यांचा मुलगा आता होस्टेलला जाणार म्हणजे त्यांच्या सकाळी मोकळ्या झाल्या, हे तुम्हाला कुठल्या फॉर्मवरून कळलं असतं? कोणाला गर्दीत बोलता येतं, कोणाला रक्त बघून चक्कर येते, कोणाकडे मोठी गाडी आहे, कोणाचे वडील आजारी आहेत म्हणून सध्या त्याला काही सांगायचं नाही, हे सगळं अशा बिनकामाच्या वाटणाऱ्या बोलण्यातूनच समजतं. रोटरीच्या उद्दिष्टांमधे पहिलंच उद्दिष्ट हे आहे की ओळख वाढवायची, ती सेवेची संधी म्हणून. ज्याला आपण ओळखत नाही त्याला पहाटे सहाला फोन करून 'ये' म्हणता येत नाही, आणि पूर, आग, अपघात यातलं काहीही मीटिंगची वेळ बघून येत नाही.

मात्र एक तपासून बघा. क्लबचं मागच्या तीन महिन्यांचं कॅलेंडर काढा. त्यात क्लबच्या बाहेरच्या माणसासाठी केलेलं एकही काम नसेल, तुम्ही सुचवूनही पुढच्या तीन महिन्यांत काही झालं नाही, तर खुशाल दुसरा क्लब बघा, त्यात काही वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

प्रश्न: मी क्लबचा सेक्रेटरी आहे. मेंबर चाळीसच्या वर, काम करणारे तेच पाच-सहा जण. ग्रुपवर मेसेज टाकला की अंगठे येतात, माणसं येत नाहीत. फोटोच्या वेळेला मात्र सगळे हजर. आम्ही पाच-सहा जण आता थकलोय आणि खरं सांगायचं तर बाकीच्यांवर रागही यायला लागलाय. काय करावं?

या पत्राला मी जरा जास्त जागा देणार आहे कारण अशी पत्रं सगळ्यात जास्त आली.

ग्रुपवर 'रविवारी शिबिर आहे, सर्वांनी उपस्थित राहावे' असा मेसेज टाकला की तो मेसेज कोणालाच नसतो. प्रत्येकाला वाटतं बाकीचे एकोणचाळीस जातील. अंगठा म्हणजे 'वाचलं', 'येतो' नाही. म्हणून पहिली गोष्ट, ग्रुपवर फक्त माहिती टाकायची, माणूस मात्र फोन करून मागायचा, नावाने, आणि नेमक्या कामासाठी. 'रविवारी ये' असं नाही, तर 'रविवारी नऊ ते अकरा रजिस्ट्रेशनच्या टेबलावर तू बस, तुझं अक्षर चांगलं आहे, अकराला तुला सोडतो' असं. नाही म्हणायला माणसाला कारण शोधावं लागतं आणि हो म्हणायला सोपं जातं. आणि अकराला खरंच सोडायचं, ते फार महत्त्वाचं, दोन तासांचं सांगून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं की तो माणूस पुढच्या वेळेला फोनच उचलणार नाही.

रक्तदान शिबिराचंच बघू. बाहेरून वाटतं की काम ब्लडबँकेचे लोक करतात, आपण फक्त बॅनर लावायचा. पण एका शिबिरात क्लबच्या माणसाला करण्यासारख्या किती जागा असतात! दारात उभं राहून येणाऱ्याला आत आणणं, फॉर्म भरायला मदत, वजन आणि हिमोग्लोबिनच्या रांगेत लोकांना धीर देणं, आणि ज्याचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली आलं म्हणून परत पाठवलं त्याच्याशी दोन शब्द बोलणं. हे शेवटचं काम कोणीच करत नाही. तो माणूस सुट्टीचा दिवस काढून आलेला असतो, त्याला 'तुमचं चालणार नाही' एवढंच ऐकू येतं आणि तो तोंड पाडून जातो. कोणीतरी त्याला सांगायला पाहिजे की यात कमीपणा काही नाही, डॉक्टरांना एकदा दाखवा, आणि बरं झालं की आम्हीच तुम्हाला फोन करू, नंबर देऊन ठेवा. मग रक्त देऊन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं माणसाला बसवून ठेवायचं असतं, काहीतरी प्यायला द्यायचं असतं, कारण लगेच उठून गेलं तर चक्कर येऊ शकते, आणि पहिल्यांदा रक्त देणारी कॉलेजची पोरं हमखास 'मला काही होत नाही' म्हणून उठतात. त्यांच्याशेजारी बसून नुसत्या गप्पा मारायला एक बोलका माणूस लागतो. तुमच्या क्लबात जो मीटिंगमधे सगळ्यात जास्त बडबड करतो ना, त्याला तिथे बसवा. तो खूश, पोरंही जागेवर.

मोठी कामं अशाच छोट्या छोट्या तुकड्यांनी होतात, पोलिओचं काम याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. रोटरीने 1985 मधे पोलिओप्लस ही पोलिओ संपवायची मोहीम सुरू केली, 1988 मधे जगातल्या 125 देशांमधे पोलिओ होता, वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मुलांना तो व्हायचा. मग सरकारं, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि क्लबांचे लाखो मेंबर एकत्र आले. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला सापडला आणि 27 मार्च 2014 ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. यातला सगळ्यात मोठा वाटा घरोघर फिरलेल्या आरोग्य सेविकांचा, याबद्दल दुमत नाही. पण बूथवर क्लबचा मेंबर काय करायचा? एक जण बाळाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करायचा, दुसरा तक्त्यावर रेघा मारायचा, तिसरा बर्फाचा डबा सावलीत आहे ना ते बघायचा. घरोघर फिरताना दारावर खडूने लिहायचे, सगळी मुलं झाली असतील तर पी, एखादं मूल राहिलं असेल तर एक्स, आणि एक्सच्या घरी परत जायचं. करंगळीला शाई लावायला कुठली डिग्री लागते? पण ती लावली नाही तर कुठलं मूल राहिलं हेच कळत नाही. तुमच्या न येणाऱ्या पस्तीस जणांपैकी प्रत्येकाला त्याची अशी एक 'करंगळीची शाई' शोधून द्या.

आता रागाबद्दल. थकलेल्या माणसाला राग येणारच, तो दाबू नका पण मीटिंगमधे टोमणे मारून काढूही नका, कारण टोमणा बरोबर त्या माणसाला लागतो जो आज कसाबसा आला होता, आणि ज्याला लागायला हवा तो घरी असतो. त्यापेक्षा तुमच्यातल्या दोघांनी एक प्रोजेक्ट पूर्ण सुट्टी घ्या. खरंच घ्या. तुम्ही असलात की लोक म्हणतात 'ते करतायत की', आणि पुष्कळदा आपणही दुसऱ्याला करू देत नाही, त्याने खुर्च्या वाकड्या लावल्या की आपण जाऊन सरळ करतो, मग तो पुढच्या वेळी लावत नाही. राहू द्यात वाकड्या.

आणि फोटोचं म्हणाल तर फोटोला येणाऱ्यांना हाकलू नका. जो फोटोला येतो त्याला निदान क्लबचा अभिमान आहे. त्याला फोटोच्या एक तास आधी बोलवा, एवढंच करा.

प्रश्न: मीटिंगला हजेरी कंपल्सरी असते का? माझी नोकरी शिफ्टची आहे.

प्रत्येक क्लबचं वेगळं असतं, तुमच्या क्लबचे नियम विचारा. रोटरीमधे पूर्वी हजेरी फार कडक होती, आपल्या क्लबची मीटिंग चुकली तर दुसऱ्या क्लबच्या मीटिंगला जाऊन भरून काढायची पद्धत होती. 2016 मधे नियम बरेच सैल केले, आता क्लब आपलं आपण ठरवू शकतात, ऑनलाइन मीटिंगही चालते. शिफ्टवाल्या माणसाने आधीच सांगून टाकावं की मी मीटिंगला महिन्यातून एकदाच येईन पण अमुक एक काम माझ्याकडे द्या, ते मी करेन. असा माणूस कुठल्याही क्लबला हवाच असतो. न सांगता गायब होणाऱ्याचा मात्र सगळ्यांना त्रास होतो.

प्रश्न: ताई, विषय नाजूक आहे. आमच्या क्लबने एका कार्यक्रमाची तिकिटं विकून शाळेसाठी पैसे जमवले. त्यातले काही मेंबरांच्या स्नेहसंमेलनाला वापरले गेले. खाल्ले कोणीच नाहीत, सगळ्यांसमोर खर्च झाले, 'पुढच्या वर्षी भरून काढू' असं ठरलं. मी हिशोब विचारला तर म्हणाले, आपण सगळे मित्र आहोत, मित्रांमधे हिशोब कसला मागतोस. तेव्हापासून दोन-तीन जण माझ्याशी नीट बोलत नाहीत. मी चुकलो का?

नाही. अजिबात नाही. तुम्ही बरोबर होतात आणि हे मी स्पष्टच लिहिते.

ज्याने तिकीट घेतलं त्याने शाळेसाठी घेतलं. ते पैसे क्लबचे नाहीतच, क्लबकडे फक्त ठेवायला दिलेत. लायन्समधे नियमच आहे की लोकांकडून जमवलेला पैसा लोकांच्याच कामासाठी गेला पाहिजे, म्हणून तिथे दोन वेगळी खाती ठेवतात, एक मेंबरांच्या वर्गणीचं, ज्यातून मीटिंगचा खर्च, स्नेहसंमेलन, हारतुरे वगैरे होतं, आणि दुसरं प्रोजेक्टचं, ज्याला मेंबरांच्या खर्चासाठी हात लावायचा नाही. तुमचा क्लब कुठलाही असो, छोटा गट असला तरी हीच पद्धत लावून घ्या. दोन खाती, दोन जणांच्या सह्या, आणि प्रोजेक्ट संपल्यावर महिन्याभरात एका कागदावर जमाखर्च सगळ्यांना वाचून दाखवायचा. तिकिटं किती छापली, किती विकली गेली, किती परत आली, इथपासून. विकली न गेलेली तिकिटं परत मोजून घेणं लोक विसरतात आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मैत्रीचं म्हणाल तर एक गोष्ट सांगते. हर्बर्ट टेलर नावाच्या उद्योजकाने 1932 मधे, त्याची कंपनी बुडायला आली होती तेव्हा, चार प्रश्न लिहून काढले, पुढे ते रोटरीने घेतले आणि आज जगभर ते मीटिंगमधे म्हटले जातात. हे खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, यातून सद्भावना आणि चांगली मैत्री वाढेल का, आणि संबंधित सगळ्यांचं यात हित आहे का. क्रम बघा. मैत्री तिसरी आहे, खरं पहिलं. तुमच्या मित्रांनी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली आणि पहिले दोन सोडून दिले.

आता पुढे काय? भांडण वाढवू नका, पण विषयही सोडू नका. चारचौघांत कोणावर बोट न दाखवता ठराव मांडा की एवढी रक्कम वर्गणीतून प्रोजेक्टच्या खात्यात परत करायची, अमुक तारखेपर्यंत. 'पुढच्या वर्षी' चालणार नाही कारण क्लबात पदाधिकारी दर वर्षी बदलतात, नवीन आलेला म्हणेल मला माहीत नाही. स्वतःच्या वाट्याचे पैसे त्याच मीटिंगमधे भरून टाका. जे बोलत नाहीत त्यांना तुम्ही स्वतः एकेकाला जाऊन भेटा, हिशोबाचा विषय न काढता. त्यांना वाटतंय तुम्ही त्यांना चोर म्हटलंत. तसं तुम्ही म्हटलेलं नाही, ते त्यांना तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं की निम्मा राग जाईल. उरलेला निम्मा जायला वेळ लागेल, लागू द्या.

प्रश्न: आमच्या क्लबात वाटपाचे कार्यक्रम खूप होतात. घेणाऱ्याला स्टेजवर बोलावतात, वस्तूवर आठ हात, मग फोटो. मला त्या मुलांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. पण बोललं तर म्हणतात फोटो नसेल तर देणगीदार पैसे देणार नाहीत.

तुम्हाला बघवत नाही हे बरंच आहे, ते तसंच राहू द्या.

देणगीदाराला पुरावा हवा असतो, चेहरा नाही. वस्तूंच्या ढिगाचा फोटो काढा, संस्थेच्या प्रमुखांची सही असलेली पोच घ्या, वस्तू वापरात आल्यावर महिन्याने त्या खोलीचा फोटो पाठवा, देणगीदार उलट जास्त खूश होतो कारण त्याला दिसतं की वस्तू खरंच वापरली जातेय. वाटप संस्थेतल्या माणसांना त्यांच्या सोयीने करू द्या. आणि मुळात काय द्यायचं ते त्यांना आधी विचारा. एकाच शाळेला तीन क्लब तीन वेळा वह्या देऊन येतात आणि तिथल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नसते. कडी लावण्याचा फोटो काही भारी येत नाही हे खरं, पण मुलगी शाळेत यायची थांबते ती वहीमुळे नाही, कडीमुळे थांबते.

प्रश्न: माझे मिस्टर बरीच वर्षं क्लबमधे आहेत. सगळ्या प्रोजेक्टमधे मीही राबते, पण कार्यक्रमात माझी ओळख 'यांच्या मिसेस' अशीच. मला स्वतः मेंबर व्हायचंय म्हटलं तर घरी म्हणतात, काय फरक पडतो?

फरक पडतो. मत देता येतं, पद घेता येतं आणि केलेल्या कामाला तुमचं नाव लागतं.

आणि ही दारं सहज उघडलेली नाहीत. 1924 मधे मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग यांनी रोटेरियनांच्या बायकांना एकत्र करून इनर व्हील सुरू केलं, ते आज स्वतःच्या बळावर मोठं काम करतंय. रोटरीत मात्र बायकांना मेंबर होता यायचं नाही. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे इथल्या क्लबने 1977 मधे तीन स्त्रियांना घेतलं तर त्या क्लबची मान्यताच काढून घेतली. त्यांनी 'एक्स रोटरी क्लब' म्हणून काम चालू ठेवलं, कोर्टात गेले, आणि 4 मे 1987 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. 1989 मधे रोटरीने नियम जगभरासाठी बदलला. लायन्सनेही 1987 मधेच स्त्रियांना दार उघडलं. 2022 मधे जेनिफर जोन्स रोटरीच्या पहिल्या स्त्री जागतिक अध्यक्ष झाल्या. तेव्हा फॉर्म भरा. मिस्टरांच्याच क्लबात की दुसऱ्या, हे मात्र विचार करून ठरवा. माझं मत विचाराल तर दुसऱ्या, म्हणजे तिथे पहिल्या दिवसापासून तुम्ही फक्त तुम्ही असाल.

प्रश्न: ताई, मी वयाने तुमच्यापेक्षा मोठा असेन, शिक्षक होतो. उमेदीची सगळी वर्षं क्लबमधे गेली. आता गुडघे चालत नाहीत, मीटिंग दुसऱ्या मजल्यावर, जाणं बंद झालं. सुरुवातीला फोन यायचे, हळूहळू तेही बंद. तक्रार नाही, सगळे आपापल्या व्यापात आहेत. पण आपला आता कोणाला उपयोग नाही असं फार वाटतं.

काका, नमस्कार करते. तक्रार नाही असं तुम्ही लिहिलंत पण माझी आहे, तुमच्या क्लबाबद्दल. आजारी मेंबराकडे जाणं, न येणाऱ्याला फोन करणं हे काम आहे, ते कोणाच्या तरी नावावर असायलाच हवं, आठवण झाली तर करू असं ठेवलं की असं होतं. हे वाचणाऱ्या सगळ्या प्रेसिडेंटना सांगते, पुढची मीटिंग तळमजल्यावर घ्या. एका खोलीचा तर प्रश्न आहे.

आणि उपयोगाचं बोलायचं तर तुम्ही शिक्षक होतात हे वाचून मला लगेच एक काम सुचलं. 1925 मधे हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात भाषण करून दृष्टिहीनांसाठी काम करायची हाक दिली होती, तेव्हापासून डोळ्यांचं काम लायन्सची ओळखच झाली. आज दृष्टिहीन मुलांना अभ्यासाची पुस्तकं ऐकायला लागतात आणि ती स्पष्ट वाचून रेकॉर्ड करणारी माणसं सतत हवी असतात. घरात बसून, साध्या मोबाइलवर होतं हे. पंखा बंद करायचा, खिडकी लावायची, एका वेळी एकच धडा, सुरुवातीला पुस्तकाचं नाव आणि पान नंबर सांगायचा, आकृती आली तर ती शब्दांत सांगायची. हे आकृतीचं वाचणाऱ्या सगळ्यांना जमत नाही हं, आकृतीकडे बघून 'डावीकडे हृदय, त्यातून दोन नळ्या वर जातात' असं समजावून सांगायला वर्गात उभं राहिलेला माणूसच लागतो. जवळच्या अंध शाळेत फोन करून त्यांना कुठलं पुस्तक हवंय ते आधी विचारून घ्या, म्हणजे श्रम वाया जाणार नाहीत.

दुसरं, सेक्रेटरीला फोन करा, तुम्हीच करा, रुसू नका, आणि गेल्या काही महिन्यांत मीटिंगला न आलेल्या मेंबरांची नावं आणि नंबर मागून घ्या. आठवड्याला तिघांना फोन. वर्गणीची आठवण नाही, कार्यक्रमाचं निमंत्रण नाही, फक्त 'कसा आहेस' एवढंच विचारायचं. तरुण मेंबर तुमच्यापाशी जे बोलेल ते तो प्रेसिडेंटपाशी बोलणार नाही. कोणाची नोकरी गेली असेल, कोणाच्या घरी आजारपण असेल, सांगण्यासारखं वाटलं तर त्याची परवानगी घेऊन सेक्रेटरीला सांगा.

वरच्या पत्रातल्या सेक्रेटरींनीही हे वाचावं. न येणाऱ्या पस्तीस जणांना फोन कोणी करायचा, हा त्यांचा प्रश्न आहेच, आणि त्यांच्या क्लबातही घरी बसलेले असे एखादे काका नाहीतर मावशी असणारच. काका, रेकॉर्डिंगला सुरुवात केलीत की मला कळवा, मुलांनी काय प्रश्न विचारले तेही लिहा, पुढच्या अंकात छापू.